पाणी कुठलं?

फुकट देतो म्हणणाऱ्या माणसाचा विनी हॉर्सफॉलला आधी संशय यायचा, आणि तो माणूस निघून गेल्यावर स्वतःचा. या वेळी दोन्ही एकदमच आले.

फोनवरचा आवाज जाडाभरडा होता.

"एअरडेल डचेस. सहासष्ट सालचं. दोन टबांचं धुण्याचं मशीन, निळ्या पट्टीचं. आईचं होतं. घेतलं त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातून हललं नाही. पाहिजे तर घेऊन जा. पैसे नकोत. शुक्रवारी दोन वाजता भंगारवाला येतोय, त्याच्या आत या."

"चालू आहे?"

"जानेवारीपर्यंत आई त्यातच धूत होती."

"आणि आता?"

"आता आई नाही."

विनीने घाईघाईने दोन सांत्वनाचे शब्द शोधले, ते कसेबसे बोलली आणि पत्ता लिहून घेतला. सिरिल ऑल्डरसन, हाय कोव्ह फार्म. दरीच्या अगदी वरच्या टोकाला. शेत खंडाने केलेलं होतं, ते सोडून सिरिल स्किप्टनला बहिणीकडे राहायला निघाला होता.

फोन ठेवून ती मागच्या खोलीत गेली. कीथलीतल्या तिच्या त्या चिंचोळ्या घरात मागच्या खोलीत अकरा मशीनं होती. त्यांत एक उंच, निळ्या पट्टीचं, कपडे वाळवायचं कपाट होतं. तेही एअरडेल डचेसच. त्याच्या शेजारी दोन हातांची जागा बावीस वर्षं रिकामी होती. तिथे विनी काही ठेवू देत नसे, नवरा होता तेव्हा त्याच्या काठीलाही तिथे टेकायची परवानगी नव्हती. त्या जोडीतलं धुण्याचं मशीन कुणाकडेच उरलं नव्हतं. वयाच्या एकविसाव्या वर्षी वीज मंडळाच्या शोरूमची मुलगी म्हणून ती घरोघर जाऊन बायकांना जे मशीन चालवायला शिकवायची, ते हेच.

आणि ते आता फुकट, आईच्या आठवणीसकट, आपण होऊन फोन करून!

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि विनीचं तोंड पोळून तीनच वर्षं झाली होती. जुन्या मशीनवाल्यांचा दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस गावच्या हॉलमध्ये मेळावा भरतो. ज्याने नवं मशीन मिळवलं असेल त्याने उभं राहून त्याची ओळख करून द्यायची: हे कुणाच्या घरी, किती वर्षं, कुणाचं धुणं धूत होतं. मग घरून आणलेलं स्वतःचं मळकं धुणं त्यात सगळ्यांसमोर धुवायचं. स्वच्छ कपडे टाकून किंवा रिकामं मशीन फिरवणं म्हणजे त्या घरच्या बाईचा अपमान, असं सगळे मानतात. तीन वर्षांपूर्वी विनीने एका मशीनची ओळख करून दिली होती. हॅलिफॅक्सच्या एका विधवेकडे तीस वर्षं राबलेलं, म्हणून. विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही तिने सांगितलं. तेवढ्यात कुणीतरी टबाच्या तळाशी बोट घातलं आणि ते पांढरंफटक बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं.

हॅलिफॅक्सचं पाणी काळ्या दगडाच्या माळावरून येतं. ते हलकं असतं. इकडे पन्नास वर्षांची केटलही आतून आरशासारखी राहते. पांढरा थर धरतो तो लंडनच्या पलीकडे, खडूच्या टेकड्यांत. मशीन दक्षिणेकडचं होतं, तेही तीन मढी एकत्र शिवून केलेलं. विधवा नव्हतीच. हॉलमध्ये हशा पिकला. तेव्हापासून विनी दारात दिसली की कुणी ना कुणी विचारतंच, "काय विनी, पाणी कुठलं?"

शुक्रवारी सकाळी तिने आपल्या मळक्या धुण्याची पिशवी गाडीत टाकली खरी, पण मागच्या सीटखाली ढकलून दिली. तिथून ती कुणाला दिसली नसती. वर जाताना रस्त्याकडेच्या काळपट दगडी भिंती कधी संपल्या आणि पांढुरक्या कधी सुरू झाल्या, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. भिंतीवर एक कोकरू चढून बसलं होतं, तेवढं दिसलं. बाकी सगळा वेळ ती सिरिल ऑल्डरसनला विचारायचे प्रश्न मनात घोळवत होती.

सिरिल साठीचा होता. उंच, खांद्यात वाकलेला, पायांत दोन वेगळे मोजे. त्याने दार उघडलं आणि "या" म्हणायच्या आधी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. विनीने ते टिपून ठेवलं.

स्वयंपाकघरात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. भिंतीवर खिळ्याला एक फुलाफुलांचा एप्रन लटकत होता. सिरिलने चहा ओतला, फळांचा केक आणि वर चीजचा तुकडा ठेवून बशी तिच्यापुढे सरकवली. विनीने आभार मानले, पण हात लावला नाही. जिथे सौदा करायचा तिथे खायचं नाही, हा तिचा हॅलिफॅक्सनंतरचा नियम.

खिडकीखाली, मेणकापडाखाली ते होतं. सिरिलने कापड ओढलं.

हेच ते. निळी पट्टी, दोन झाकणं, कडेचं क्रोमचं हँडल. तिने लांबचं बघायचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, पिशवीतून टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढला आणि चेहरा निर्विकार ठेवून वाकली.

"नळी नवीन आहे."

"उंदरांनी जुनी खाल्ली."

"मागचा रंग वेगळा दिसतो."

"मागून ऊन येत नाही, बाई. माझ्याही मानेचा रंग वेगळाच आहे."

विनी हसली नाही. तिने झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला डिंकाचे चार पिवळे ठिपके होते. मधली जागा रिकामी.

"इथे तक्ता असतो. कुठल्या कपड्याला किती पाणी, किती वेळ. कुठे आहे?"

"काढून ठेवलाय."

"कशाला?"

सिरिलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पावणेबारा झाले," तो म्हणाला.

तक्ता काढतात ते लोक तिला माहीत होते. तक्त्यावर मशीनचा नंबर असतो आणि तो मागच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळावा लागतो. आणखीही एक गोष्ट तिला खुपत होती. हा माणूस खोलीतून हलत नव्हता. सामान बांधायचं पडलं होतं, बाहेर कुत्रं भुंकत होतं, तरी तो ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभा. आणि बघत होता तो मशीनकडे नव्हे, तिच्याकडे. जिथे फसवाफसवी असते तिथे माणूस वस्तूकडे बघत नाही, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतो. हॅलिफॅक्सचाही असाच बघत होता.

"टबाच्या तळाची जाळी काढू?"

"काढा की. तुम्ही काढणारच, ठाऊक होतं मला."

स्क्रू सहज फिरले. जाळी वर आली. विनीने टॉर्च आत धरला. पाणी तापवायची कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा, खडबडीत थर होता. तिने नखाने खरवडलं. नखात चुना आला.

ती सावकाश उभी राहिली. राग आला होता असं नाही. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून आवाज चढला.

"ऑल्डरसन, हे मशीन या दरीतलं नाही."

"काय म्हणालात?"

"हे दक्षिणेत राबलंय. निदान तीस वर्षं. इथल्या पाण्यात असला थर धरत नाही, तीनशे वर्षांतही धरणार नाही. तुम्ही ते कुठून आणलं, कुणी जोडून दिलं, मला माहीत नाही. पण 'स्वयंपाकघरातून हललं नाही' हे खोटं आहे."

सिरिलचा चेहरा उतरला नाही. उलट त्यावर एक विचित्र समाधान पसरलं, कुणीतरी पैज जिंकल्यासारखं. पण तेही क्षणभरच. मग तो लाल झाला.

"म्हणजे माझी आई खोटी."

"तुमच्या आईबद्दल मी बोलले नाही."

"मग कुणाबद्दल बोललात? पन्नास वर्षं तिथे उभी राहून ती धूत होती. माझे लंगोट नव्हे, ते आधीचे, पण बाकी सगळं. मेंढ्यांच्या बाळंतपणाचे टॉवेलसुद्धा. निघा तुम्ही. भंगारवाला तरी मशीनला शिव्या देत नाही."

विनी निघाली. गाडीत बसून तिने बेसिल ट्वेलला फोन लावला. मेळाव्याचा अध्यक्ष तो, आणि हॅलिफॅक्सच्या टबात बोट घालणाराही तोच.

"बोटभर थर?" बेसिल म्हणाला. "विनी, गाडी सुरू कर आणि घरी ये. परत एक विधवा आणलीस तर या खेपेला लोक तिकीट काढून हसायला येतील."

"पण स्क्रू कुणी कधी हलवलेले वाटत नाहीत, बेसिल."

"तुला तेव्हाही वाटलं नव्हतं."

हे खरंच होतं. तिने किल्ली फिरवली. समोरचं सगळं धूसर दिसलं, आणि मग लक्षात आलं की चष्मा आतच राहिलाय. चष्म्याशिवाय त्या वळणांवरून खाली जाणं म्हणजे थेट नदीत. नाइलाजाने ती परत दाराशी गेली.

सिरिल पाठमोरा होता, खोक्याला दोरी बांधत. "चष्मा," ती पुटपुटली. चष्मा टेबलावर होता, तिच्या न प्यायलेल्या चहाशेजारी. तिने तो उचलून डोळ्यांवर चढवला, आणि पहिलं दिसलं ते कपातलं.

चहावर एक तपकिरी पापुद्रा धरला होता. साय नव्हे. तिने चमचा टेकवला तसा तो डबक्यावरच्या पातळ बर्फासारखा तडकला आणि त्याचे तुकडे कपाच्या कडेला जाऊन चिकटले.

कीथलीत तिने आयुष्यभर चहा प्यायला होता. हलक्या पाण्याचा चहा गार होतो, कडू होतो, पण त्यावर असली कातडी धरत नाही.

विनीने चमचा खाली ठेवला. शेवटी तिच्या तोंडून तोच प्रश्न निघाला, जो ऐकून ती तीन वर्षं मान खाली घालत आली होती.

"पाणी कुठलं?"

सिरिल वळला. "काय?"

"तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?"

"झऱ्याचं. मागच्या पांढऱ्या कड्याखालून. पालिकेची पाइपलाइन पुलापर्यंत येऊन थांबली, तिला वर चढायला दम लागला." त्याने दोरीची गाठ मारली. "चुनखडीचा कडा आहे, बाई. इथे जन्मलेल्या मेंढीलासुद्धा ठाऊक आहे."

पांढुरक्या भिंती. कोकरू. ती त्यांच्यामधूनच गाडी चालवत आली होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी खाली राहणारी. सगळी दरी एकच पाणी पिते असं धरून चालले. मला माफ करा."

"मी कशाला माफ करू?" सिरिल म्हणाला. "मला तुम्ही पहिल्यांदाच खोटा म्हणालात."

वाक्य तिथेच सोडून तो कपाटाकडे गेला. ड्रॉवर उघडून त्याने एक जाड कागद आणला आणि तिच्यापुढे ठेवला. झाकणातला तक्ता होता तो. कडा पिवळ्या पडलेल्या, चार कोपऱ्यांत डिंक, नंबर मागच्या पट्टीवरचाच. तळाला निळ्या शाईने, ठसठशीत, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'पावडर दुप्पट घालणे. डब्ल्यू. बूथ, वीज मंडळ.'

बूथ हे विनीचं माहेरचं नाव.

"मी दहा वर्षांचा होतो," सिरिल म्हणाला. "घरात वीज येऊन चार वर्षं झालेली. मंडळाकडून एक मुलगी आली मशीन शिकवायला. लाल कोट, नाक आढ्याला लागलेलं. तिने सांगितल्याप्रमाणे आईने एक कप पावडर घातली, मशीन सुरू केलं, फेसच येईना. ती मुलगी म्हणाली, तुम्ही पावडर वाचवताय, मिसेस ऑल्डरसन. कपात अर्धीच घातलीत. आई म्हणाली, पूर्ण घातली. मुलगी म्हणाली, मी रोज चार घरं बघते, मला कळतं कोण चिकटपणा करतं ते. माझ्या आईला! शेजारच्या दोन बायका बघायला बोलावल्या होत्या, त्यांच्यासमोर."

विनीला आठवत नव्हतं. फार प्रयत्न करूनही चेहरा येत नव्हता. त्या वर्षी तिने कितीतरी स्वयंपाकघरं पाहिली होती. लाल कोट मात्र आठवला. तो बहिणीचा होता आणि बाह्या आखूड पडायच्या.

"मग?"

"मग तिने केटलीचं झाकण उघडलं. आत चुना. तेव्हा उमगलं, जड पाण्यात फेस धरत नाही. पेन काढलं, हुकूम लिहावा तसं हे लिहिलं आणि गेली. 'तुमचं बरोबर होतं' एवढं म्हणाली नाही. आई पन्नास वर्षं दुप्पट पावडर घालत होती आणि दर सोमवारी झाकण उघडलं की हे वाचत होती. म्हणायची, सिरिल, ती पोरगी परत आली ना, तर परत तेच करील. मी म्हणायचो, माणसं शिकतात, आई. आमची पैजच होती म्हणा."

"आणि तुम्ही ओळखलंत मला. फोन केलात तेव्हाच."

"वर्तमानपत्रात तुमचा फोटो होता, त्या कपाटाशेजारी. खाली लिहिलं होतं, सहासष्टात वीज मंडळात होत्या. नाव निराळं, पण नाक तेच." तो पहिल्यांदा जरासा हसला. "तक्ता काढून ठेवला, नाहीतर आल्या आल्या तुम्हाला कळलं असतं. आईच जिंकली."

म्हणजे तिचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. हा माणूस खरंच काहीतरी लपवत होता आणि खरंच तिच्याकडेच बघत होता. विनीला त्याचा जरा आधार वाटला, आणि लगेच त्या आधाराची लाज.

"ते भंगारात घालू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे त्याची जागा रिकामी आहे."

"जागा असेल. पण तुम्ही तिथे मेळाव्यात उभं राहून सांगता म्हणे, हे कुणाच्या घरचं, कुणी वापरलेलं. पेपरात वाचलं मी."

"हो."

"मग हेही सांगायचं. माझ्या आईच्या नावासकट. की वीज मंडळाच्या बाईने तिला लबाड म्हटलं, एकदा ती असताना आणि एकदा ती गेल्यावर, आणि दोन्ही वेळा आईचंच बरोबर होतं. सांगणार असाल तर न्या. नाहीतर दोन वाजता येतोच आहे तो."

विनीच्या डोळ्यांपुढे हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत बेसिल, हाताची बोटं तयार ठेवून. पुढची तीन वर्षं आता लोक कोणता प्रश्न विचारतील ते तिला इथूनच ऐकू येत होतं. खोटं मशीन आणलं म्हणून एकदा हसले होते. आता खऱ्याला खोटं म्हटलं म्हणून हसणार.

"मी घाबरट बाई आहे, सिरिल," ती म्हणाली. "बोलताना माझी जीभ अडखळते. पण सांगेन."

"म्हणायला काय जातं?"

विनी गाडीकडे गेली, सीटखालची पिशवी ओढून काढली आणि आत आली. दोन उशांचे अभ्रे, चार टॉवेल, एक फिक्कट गुलाबी झगा. "धुतल्याशिवाय आम्ही मशीन नेत नाही," ती म्हणाली. सिरिलने झग्याकडे पाहून मान दुसरीकडे वळवली. नळी नळाला लावली. टब भरला, पाणी तापलं. विनीने पावडरीचा एक कप घातला, थांबली, आणि दुसरा घातला.

मशीन घुमायला लागलं. खालच्या पट्टीतला तो आवाज, मध्येच घसा खाकरल्यासारखा एक खट्ट. हा आवाज तिने पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. सिरिलने खिळ्यावरचा एप्रन काढला, टबापर्यंत आणला, हातात धरून उभा राहिला. मग "हा नको," म्हणाला आणि घडी करून खोक्यात ठेवला.

दोनला भंगारवाला आला. दारातून डोकावून म्हणाला, "अरे, यात तर धुणं चालू आहे!"

"बस," सिरिल म्हणाला. "केक खा. त्याच्याऐवजी एक जुनी कॉट आहे न्यायला. आणि चहावर पापुद्रा येतो, तो बाजूला करून पी."

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. विनीची पाळी आली. ती निळ्या पट्टीच्या मशीनशेजारी उभी राहिली, लिहून आणलेला कागद उघडला, तेवढ्यात मागून बेसिलचा आवाज आलाच.

"काय विनी, पाणी कुठलं?"

लोक हसले. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत सिरिल ऑल्डरसन हाताची घडी घालून बसला होता. ती सांगते की नाही, याचा त्याला अजूनही भरवसा नव्हता. ते त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

विनीने कागद खिशात घातला.

"हाय कोव्हचं," ती म्हणाली. "पांढऱ्या कड्याखालच्या झऱ्याचं. हे मशीन मिसेस हिल्डा ऑल्डरसन यांच्याकडे पन्नास वर्षं होतं. सहासष्ट साली वीज मंडळाची एक मुलगी त्यांच्या घरी आली आणि त्यांना चिकट म्हणाली. ती मुलगी मी." तिची जीभ अडखळली. ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून, थोडं मोठ्याने, सांगू लागली.